मी दिलेला वन्स मोअर

शनिवारी सकाळी पुण्याहून नाशिकच्या एसटीत बसलो तेव्हा अंगात इस्त्रीचा पांढरा झब्बा होता, पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि डोक्यात भरपूर घमेंड होती. घमेंडीचं कारण सांगायलाच हवं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून संगीत नाटक म्हटलं की मी कुठेही जातो, आणि आमच्या कट्ट्यावर माझी ओळख आहे ती माझ्या ‘वन्स मोअर’साठी. पद रंगलं की प्रेक्षकांतून एक हाक जाते आणि गाणाऱ्याला तेच पद पुन्हा गायला लावते. ती हाक सगळ्यांच्या आधी माझी जाते, खणखणीत जाते आणि मागून सगळं थिएटर साथ देतं. इतक्या वर्षांत ती एकदाही फुकट गेली नाही.

नाशिकच्या काही तरुण मंडळींनी एक जुनं संगीत नाटक घेऊन त्यावर प्रयोग केला होता. नाटकाचं नाव मुद्दाम सांगत नाही. नायिकेच्या सगळ्या पदांतलं एकच पद ठेवलं होतं आणि तबल्याऐवजी चक्क हातमाग! हे पेपरात वाचून कट्ट्यावर मी जाहीर केलं, की जातो आणि या पोरांना रसिक म्हणजे काय ते दाखवून येतो. दाखवलंच म्हणायचं.

घाट उतरून संगमनेर मागे पडलं. पुढे सिन्नरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. एका बाजूला कारखान्यांच्या शेड, दुसऱ्या बाजूला कांद्याची हिरवी रोपं, आणि शेअर जीपवाले ‘नाशिक, नाशिक’ ओरडत होते. मी खाली उतरून चहा प्यायलो. त्या गावात कुणी माझ्यासारखंच नाटकाला निघायच्या तयारीत असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही.

नाशिकला उतरल्यावर मिसळ खाल्लीच पाहिजे. इथे ती पापड आणि दही घेऊन येते आणि रस्सा हवा तेवढा वाढतात. मी तिसऱ्यांदा रस्सा मागितला आणि तो थेट झब्ब्यावर घेतला. वाढणाऱ्याने लिंबू चोळायला सांगितलं. चोळलं, तर डाग दुप्पट पसरला. दुसरा झब्बा आणला नव्हता. छातीवर तो पिवळा डाग मिरवत मी पंचवटीत पोचलो.

प्रयोग संध्याकाळी एका जुन्या मंगल कार्यालयात होता. तीन बाजूंना खुर्च्या, मध्ये येवल्याहून आणलेला हातमाग. त्यावर अर्धी विणलेली जांभळी पैठणी होती आणि एक विणकर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा हातात घेऊन बसला होता. सुरुवातीला गौरी नावाची दिग्दर्शिका पुढे आली. असेल तिशीची. मध्ये टाळ्या नकोत आणि कृपा करून वन्स मोअर देऊ नका, असं तिने हात जोडून सांगितलं. कारण सांगितलं नाही. मला ते चांगलंच झोंबलं.

मूळ नाटकातली तरुण नायिका इथे म्हातारी झाली होती. ते काम मंदाताई करत होत्या, एके काळच्या नावाजलेल्या गायिका-अभिनेत्री, आता सत्तरीच्या. मागाची खटखट ऐकून पहिली वीस मिनिटं मी तोंडं वाकडी करत बसलो. मग पेटीने सूर धरला आणि ताईंनी ते पद सुरू केलं. आवाज बारीक झाला होता, पण जागच्या जागी होता. मागाची लय त्याखाली अशी बसली की मी तोंड वाकडं करायचं विसरलो. पद शेवटाकडे आलं तशी मी छातीत हवा भरून घेतली.

पद संपलं, माग थांबला, सगळीकडे शांतता झाली. विणकर धागा कापायला वाकला. तेवढ्यात मी हाक दिली. पद सुंदर झालं होतं, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे, मला कोण अडवतो ते बघायचं होतं. मागून दहा-बारा आवाज उठले.

ताईंनी माझ्या दिशेला पाहिलं, हात जोडले, विणकराला खूण केली आणि पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या ओळीला आवाज चिरला. तिसरीला नुसती हवा येऊ लागली. तरी त्यांनी पद अर्ध्यावर सोडलं नाही, शेवटपर्यंत ओठ हलत राहिले. सगळ्यात मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या.

बाहेर चपला घालताना गौरीने गाठलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

“काका, त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. दिवसाला एकच पद निघतं. आता उद्याच्या प्रयोगाचं गेलं.”

मग आधी सांगायचं नाही का, असं मी उलट तिलाच विचारलं. ती म्हणाली, की कुणी कीव करून ऐकू नये म्हणून ताईंनी शपथ घातली होती.

सकाळच्या पहिल्या गाडीने पळ काढायचा होता. स्टँडपर्यंत गेलोही. पण माफी मागितल्याशिवाय गाडीत बसवेना, म्हणून परत फिरलो. ताई गौरीच्या घरी उतरल्या होत्या. गळ्याला मफलर, हातात पाटी. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि लिहिलं, “बारा वर्षांनी कुणी वन्स मोअर मागितला. राहवलं नाही.” त्या हसत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं, “आज बापू येतोय. माझा तबलजी. त्याच्यासाठीच हे काम घेतलं होतं. त्याला दिसत नाही आता. शेजारी बसाल?”

बापू सिन्नरचे. दुपारी जीपने सुनेने आणून सोडलं. धुवट सदरा, टोपी, हाताची बोटं अजून जाड. संध्याकाळी कार्यालयात मी शेजारी बसलोय कळल्यावर त्यांनी विचारलं, “कालचा खेळ पाह्यला का तुम्ही? बाई कशा गायल्या?”

“सुंदर. वन्स मोअर मिळाला.”

“मिळणारच,” ते खूश होऊन म्हणाले. तो कुणी दिला हे मी बोललो नाही.

पदाची वेळ आली. पेटीवर सूर आले, माग सुरू झाला. ताई समोर उभ्या राहून ओठ हलवत होत्या. बापूंची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरून पहिल्या शब्दाची वाट बघू लागली. एक ओळ गेली, दुसरी गेली. बोटं थांबली.

“बाई कुठं हायेत?”

“समोरच आहेत.”

“मंग गात का नाय?”

मी त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. हाक माझी होती हेही सांगितलं. पद संपलं, शांतता झाली, विणकराने धागा कापला. आज त्या शांततेत कुणी हाक दिली नाही. प्रयोग आटोपून लोक उठू लागले, तेव्हा बापू हळूच म्हणाले, “म्हंजी माझ्या वाटचं तुम्ही ऐकलं.”

आवाजात राग नव्हता.

“एक सांगा मला. शेवटी मुखड्यावर परत येताना बाई एक श्वास थांबायच्या. मी तिथं हात उचलून धरायचो. अजून थांबतात का?”

मला आठवेना. नेमक्या त्या जागी मी माझ्या हाकेसाठी हवा भरून घेत होतो.

“थांबतात,” मी म्हणालो.

बापूंनी उजवा हात खुर्चीवरून वीतभर उचलला, क्षणभर तसाच धरला आणि हसून खाली आणला. “लय बरं झालं,” ते म्हणाले.

सोमवारी परतीच्या वाटेवर गाडी सिन्नरला पुन्हा दहा मिनिटं थांबली. मी चहाला उतरलो नाही. झब्ब्याचा डाग घरी धुतल्यावर निघाला. कट्ट्यावर सगळ्यांनी विचारलं, की नाशिकला हाक गेली का. गेली, एवढंच सांगितलं, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी शाबासकी दिली. त्यांना जे सांगता आलं नाही, ते इथे लिहिलं. मंदाताई त्या जागी थांबल्या होत्या की नाही, हे मला अजूनही माहीत नाही.