अंशतः खरे आहे

हिवाळी अधिवेशन म्हणजे आम्हा ऑफिसवाल्यांच्या जिवाला घोर. अख्खं सरकार नागपुरात उतरतं आणि आमच्या गळ्यात ड्युट्या पडतात. माझी नोकरी सहाच महिने उरली होती, तर मला नेमकं गृहमंत्र्यांच्या दालनात टाकलं. टायपिंगला.

या साहेबांना मी आधीपासून ओळखत होते. चौदा वर्षांपूर्वी ते इथेच उपविभागीय अधिकारी होते आणि मी त्यांची स्टेनो. पुढे कलेक्टर झाले, राजीनामा दिला, निवडून आले, आता सगळं पोलीस खातंच त्यांच्या हाताखाली. पण तेव्हाचे साहेब म्हणजे, अरे बाप्पा! कुही तालुक्यातला एक गवंडी शहरात कामाला आला होता. चोरीच्या संशयात त्याला उचललं आणि तिसऱ्या दिवशी तो कोठडीत मेला. चौकशी साहेबांकडे आली. त्याच्या बायकोचा जबाब मीच लिहून घेतला. अहवालात "मृत्यू मारहाणीमुळे झाल्याचे दिसते" असं मी टाइप केलं, तर साहेब भडकले. "दिसते काय? झाला आहे, असं लिहा." मला त्यांचा इतका अभिमान वाटला की घरी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

अहवाल वर गेला आणि तिथेच कुजला. ती बाई मात्र दर अधिवेशनाला येत राहिली. यंदा एका आमदाराने "कोठडीत मारहाणीमुळे मृत्यू झाला, हे खरे आहे काय?" असा तिचा प्रश्न सभागृहात लावला. मंत्र्यांनी "हे खरे आहे" एवढं उत्तर दिलं असतं, तर त्या पोलिसांवर गुन्हा दाखल करणं भाग पडलं असतं.

फाइल माझ्या टेबलावर आली. खात्याने मसुदा जोडला होता : हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.

माझं डोकंच सटकलं. काहून उद्भवत नाही? मागच्या कागदांतून साहेबांचाच अहवाल शोधला आणि मसुद्याच्या वर लावून फाइल आत पाठवली. टायपिस्टने असं करायचं नसतं, कळतं मला. पेन्शन डोळ्यांसमोर दिसत होती.

दहा मिनिटांत बोलावणं आलं. साहेब एकटेच अहवाल वाचत होते. शेवटच्या पानावरच्या आपल्या सहीपाशी थांबले.

"मराठी चांगली होती माझी," ते म्हणाले.

"साहेब, ती बाई सकाळपासून विधानभवनाजवळ, सदरला येऊन बसली आहे."

"तेव्हा मी चौकशी करत होतो. आता खातं माझं आहे."

बोलायला पाहिजे होतं, पण नाही बोलले. त्यांनी पेन उचललं आणि "खरे नाही" वर सरळ काट मारली. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी जे लिहिलं, ते मला टाइप करायला दिलं : हे अंशतः खरे आहे. सदर इसमाचा मृत्यू झाला, हे खरे आहे. मारहाणीमुळे झाला, हे खरे नाही.

"साफ नाही म्हटलं नाही मी," साहेब म्हणाले. "एवढं तर केलं ना?" आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं, हे सगळ्यात वाईट.

मी टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

दुपारी सदरला गेले. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली होती. तिने सरकून मला जागा दिली.

"काय म्हणलं सायबानं?"

"अर्धं खरं हाये म्हणते."

"कोणतं अर्धं?"

मला लाज वाटून राहिली होती. साहेबांची कमी, माझी जास्त.

"तुहा नवरा मेला, तेवढं."

"मंग गुन्हा?"

"नाही लागत."

ती म्हणाली, "बाई, तुमी होत्या का तिथं?"

"होती ना. टाइप मीच केलं."

ती भांडली नाही, रडली नाही. पिशवी उचलली आणि माझ्यापासून दोन हात दूर सरकून बसली.