निळा ठिपका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. दोनदा तोंड उघडलं आणि पाणी पिऊन मिटलं. आज तुम्ही समोर बसलाय, तर बोलून टाकते — टाकता येतं का ते बघू.

टीव्हीला जोडून खेळायचे गेम तेव्हा नवेनवे आले होते. अंबडच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही ते बनवायचो. बोर्डावर कंडेन्सर बसवायचे, खालून सोल्डरचा टाका द्यायचा. टेबलाला आम्ही सहाजणी. बोर्ड पुरा झाला की कोपऱ्यात आपापल्या रंगाच्या बाटलीत काडी बुडवून ठिपका द्यायचा, म्हणजे काम कुणाचं ते कळायचं. माझा पिवळा. वत्सलाताईचा निळा — तिनं तो मागून घेतला होता. जयंतीच्या झेंड्याचा रंग आहे, म्हणायची.

मला काम तिनंच शिकवलं. माझा हात सढळ, टाक्यावर सोल्डरचा गोळा व्हायचा. ती हसायची, "अगं, टाका देतेस की लाडू वळतेस?" तिच्या टाक्याला मात्र नाव ठेवायला जागा नसायची. चार वर्षांत तिचा एकही बोर्ड परत आला नव्हता.

आणि माझे दोन आले होते. नियम असा, की तिसरा आला की घरी. नवरा तेव्हा आजारी, दोन मुली, मिळवणारी मी एकटी. पण हे कशाला सांगतेय मी? त्यानं काय होतं?

त्या दिवशी माझ्या हातून एक कंडेन्सर उलटा बसला. खरं तर साहेबांना दाखवायचा, त्यांच्यासमोर काढायचा. पण दाखवला असता तरी तिसराच मोजला असता ना! जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्या. मी राहिले. टाका तापवला, सोल्डर पंपानं ओढून घेतलं, कंडेन्सर निघेना म्हणून आणखी तापवलं — आणि खालची तांब्याची पट्टीच उचकटून आली. कंडेन्सर सुलटा बसवला, तुटल्या जागी तारेचा बारीक तुकडा जोडला, वर सोल्डर थापलं. टीव्हीला लावून पाहिलं, तर गेम चालला! पण तापल्यावर ते टिकणार नाही, हे मला कळत होतं.

बोर्डावरचा पिवळा ठिपका मी खरवडला. त्यावर निळा दिला.

निळाच का? इतकी वर्षं मी स्वतःला समजावलं, की तिचा एकही बोर्ड परत आलेला नाही, एकानं तिचं काय बिघडणार? हे मला इतकं पाठ झालंय की खरंच वाटतं. पण खरं नाही ते. माझ्या कोपराशी बाटली होती ती शेजारच्या अलकाची, लाल. अलकाचाही बोर्ड कधी परत आला नव्हता. पण अलका साहेबांची भाची. बाकीच्या तिघी आमच्यातल्याच, कुणाचा मामा, कुणाचा दीर मध्ये पडला असता. वत्सलाताई एकटीच बौद्ध. तिच्या बाजूनं कुणी बोलणार नाही, हे मला माहीत होतं. कुणी शिकवावं लागलं नाही. मी लाल बाटली ओलांडून टेबलाच्या टोकापर्यंत गेले आणि निळी उचलली.

नेमका तोच बोर्ड माल घेणाऱ्या पार्टीसमोर लावला गेला. दहा मिनिटांत पडद्यावर नुसत्या रेघा. पार्टी उठून गेली. साहेब बोर्ड घेऊन आले आणि तो वत्सलाताईसमोर आपटला.

तिनं तो उलटा केला. सोल्डरच्या त्या गोळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रंग माझा आहे, साहेब. टाका माझा नाही."

"मग कुणाचा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — तू सांगतेस ना, असं. नाव घेतलं नाही तिनं. वाट पाहिली. केवढी वाट पाहिली! आणि मी? मी मान खाली घातली आणि पुढचा कंडेन्सर उचलला. पलीकडून कुणीतरी पुटपुटलं, यांना कितीही शिकवा. मी तेही ऐकून घेतलं.

तिला काढलं नाही. सोल्डरिंगवरून उठवलं आणि पगार कमी करून बोर्ड डब्यात बसवून स्क्रू आवळायच्या कामाला लावलं. तिची खुर्ची मला दिली. साहेब म्हणाले, बाटली भरलेली आहे, वाया कशाला घालवायची, निळाच वापर आता. मी नाही म्हणू शकले असते का? कोणत्या तोंडानं?

कारखाना बंद पडेपर्यंत, आणखी चार वर्षं, माझ्या प्रत्येक बोर्डावर मी तिचा रंग दिला. प्रत्येक बोर्ड माझ्याकडून तिच्या हातात जायचा. ती ठिपका बघायची, टाका बघायची आणि झाकण लावायची. सकाळी एकाच बसनं आम्ही यायचो. बसमध्ये पूर्वी ती माझी जागा धरायची. त्यानंतरही एकदा बाजूला सरकली, म्हणाली, "बसा बाई." अगंची मी अहो झाले होते. मी बसले नाही. अंबडपर्यंत दांडा धरून उभी राहिले, आणि रोजच तशी उभी राहू लागले.

पुढे माझा हात सुधारला. नंतरच्या नोकरीत लोक म्हणायचे, टाका द्यावा तर बाईंनी. कुणी शिकवलं विचारायचे. मी सांगायची, आपलं आपणच शिकले.

वत्सलाताईनं शिकवलं. आणि तो बोर्ड माझा होता.