घरटी एक पुडा

नायगावच्या आमच्या चाळीत जिन्याखाली एक एडका बांधलेला असे. तळमजल्यावरचे मामा त्याचे मालक. मामा गिरणीतून कमी झालेले, एकटे. उरलंसुरलं सगळं प्रेम त्यांनी त्या एडक्यावर केलं आणि त्यालाच टकरीला उतरवलं. माणसं अशीही प्रेम करतात, हे मला फार लवकर कळलं. मी तेव्हा दहा वर्षांची. शाळेत जाताना मी त्याला तळहातावर खडेमीठ द्यायची. ते चाटून झालं की तो माझ्या पोटाला हळूच कपाळ टेकवून उभा राहायचा.

त्या वर्षी एका चहा कंपनीने मैदानात एडक्यांच्या टकरी भरवल्या. एडक्यांच्या पाठीवर कंपनीच्या नावाची झूल, बघ्यांना फुकट चहा. आमचा एडका जिंकला. घरी आला तेव्हा त्याचं एक शिंग मुळापासून हलत होतं आणि कानातून रक्त येत होतं. मामांनी जखमेत हळद भरली. मला म्हणाले, "रडतेस काय? जिंकलाय तो."

आई मात्र पेटली. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं आणि जिवाची हिंसा करायची नाही, हे पहिलं शील तिने फार मनावर घेतलं होतं. रविवारी आमच्याकडे मटण शिजतं, हे शेजारणींनी तिला लगेच ऐकवलं. आई म्हणाली, "खायला मारणं येगळं, चहा खपवायला मारणं येगळं." हे धर्मात बसतं की नाही, मला ठाऊक नाही. मला पटलं, कारण मला एडका हवा होता.

वडील तिला संयुक्त महाराष्ट्राच्या कार्यकर्त्यांकडे घेऊन गेले. तिथला एकजण म्हणाला, "वहिनी, माणसं गोळ्या खाऊन पडलीत आणि तुम्ही एडक्याचं काय घेऊन बसलाय? आधी राज्य मिळू दे, मग एडक्याचं बघू." राज्य मिळालं. एडक्याचं अजून कोणी बघितलेलं नाही.

मग आईने स्वतःच ठरवलं. या कंपनीचा चहा बंद. ज्या घरात पुडा असेल त्या घराने तो रिकामा करून द्यायचा, पुन्हा आणायचा नाही, आणि सगळे रिकामे पुडे कंपनीच्या डेपोत नेऊन ओतायचे. मोर्च्यांचे दिवस होते. घरटी काहीतरी द्यायची सवय सगळ्यांच्या हाताला लागली होती, कोणी भाकऱ्या, कोणी मूठभर तांदूळ. आता घरटी एक पुडा. ते गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

पोतं घेऊन मी चाळीमागून चाळ हिंडले. पण आमच्यात पुड्याचा चहा पिणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळ्या बायका वाण्याकडून कागदात बांधलेली सुटी पावडर आणायच्या. "आमच्याकडं पुडा कुठला गं बाय?" त्या म्हणायच्या. रिकाम्या पोत्याला कंपनी कशाला भिईल? मी म्हणाले, "मग एक आणा ना, एडक्यासाठी."

आणि बायकांनी आणले. पोटाला चिमटा काढून आणले, पावडर डब्यात ओतली आणि पुडे माझ्या पोत्यात टाकले. पोतं कसं भरलं, हे आईने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला तर अभिमानच वाटत होता.

पंधरा-वीस बायका घोषणा देत डेपोवर गेल्या. आईने पोतं टेबलावर उलटं केलं. कंपनीचा माणूस आधी दचकला, मग एकेक पुडा उचलून बघू लागला. सगळे कोरे करकरीत. "तरीच!" तो हसला. "नायगावचा वाणी सारखा माल मागतोय."

"आम्ही तुमचा चहा सोडलाय," आई म्हणाली.

"सोडलेल्यांचे एवढे पुडे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्या माणसाने सगळ्यांना चहा मागवला. कोणी घेतला नाही.

नायगावात खप वाढलेला बघून कंपनीने पंधरवड्याच्या आत दुसरी टक्कर जाहीर केली. आपल्याच पायावर धोंडा पडला असता तरी चाललं असतं. तो पडला एडक्याच्या डोक्यावर.

त्याचं हललेलं शिंग अजून घट्ट धरलं नव्हतं. आई मामांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. "भाऊ, नका नेऊ त्याला." मामा म्हणाले, "ताई, गिरणी सुटल्यापासून मला कोणी बोलावलं नव्हतं. ह्यांनी माणूस पाठवून बोलावलंय." टकरीच्या सकाळी मी मीठ दिलं. त्याने चाटलं, पण कपाळ टेकवलं नाही. दुखत असणार.

संध्याकाळी मामा एकटेच परतले, हातात झूल. पहिल्याच धडकेत तो कोसळला, तो उठलाच नव्हता. मामांनी झुलीची घडी केली, जिन्याखाली ठेवली आणि तिथेच बसून राहिले.

बायकांनी पुडे माझ्या पोत्यासाठीच विकत नेले होते, हे वाण्याने आईला सांगितलं. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुड्यांतली ती पावडर चाळीत पुढे कितीतरी दिवस पुरली. फेकून देणं कोणालाच परवडणारं नव्हतं. शेजारणीने थोडी आमच्याही डब्यात ओतली. आम्ही ती संपवली.