कोकरं पाजायला सोडताना

वर्गात छाती धडधडायला लागली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, चहा जास्त झाला. मी साताऱ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. दुसऱ्या वेळी हातातला खडू घामाने ओला झाला. तिसऱ्या वेळी मी "आलेच" म्हणून बाहेर पडले आणि तास संपेपर्यंत जिन्यात बसून राहिले. हे आणखी एकदा झालं तेव्हा प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस चांगला. म्हणाले, दिवाळीनंतर ग्रंथालयाचं काम बघा, तब्येतीला बरं पडेल. विचार करून सुट्टीनंतर सांगा.

त्यांनी सोय म्हणूनच सांगितलं होतं. पण आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईबाप मेंढरं राखतात, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला मुलांना सांगते, मान वर करून सांगते. त्या फळ्यापुढून उठून पुस्तकांवर शिक्के मारत बसायचं, हे मला गिळवत नव्हतं.

लपवत होते ते एकच. मनाच्या डॉक्टरकडे जाणं. साताऱ्यात कोणी ओळखीचं भेटेल म्हणून मी सांगलीला जायचे, तीन तास एस.टी.त बसून. विचारलं की दाताचं काम चालू आहे म्हणायचे. वर्षभर हेच ऐकल्यावर आमच्या मराठीच्या बाईंनी विचारलं, "एवढे दात आहेत तरी किती तुम्हाला?" मग त्यांना खरं सांगितलं. त्यांनी पाचगणीच्या एका शिबिराचा पत्ता दिला. अद्वैताचं शिबिर, तीन दिवसांचं.

तिथले गुरुजी साधं बोलत. भीती येते, ती तुम्हाला कळते. ज्याला कळते ते भ्यालेलं आहे का, एवढंच बघा. आणि कळणारा वेगळा, कळलेलं वेगळं, अशी भिंत खरंच सापडते का, तेही बघा. बाकीचे डोळे मिटून बसले. मी वही काढली. अभ्यास करून पास व्हायची सवय लागलेल्या माणसाचं असंच होतं. तीन दिवसांत वही भरली, आणि गुरुजींनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी पहिला हात वर केला.

परत आले आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद केली. जाणीव मुळातच निरोगी असेल तर तिला गोळी कशाला? हे गुरुजी बोलले नव्हते, माझ्या वहीतही नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. त्यात मी स्वतःवर एक पर्यवेक्षक नेमला. परीक्षेच्या हॉलमध्ये फिरतो ना, तसा. शिकवता शिकवता तो विचारायचा, आता धडधडतंय का? आणि आता? याला मी साक्षीभाव समजत होते. तिसऱ्या आठवड्यात मी टेबल धरून उभी होते आणि महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं मला आठवत नव्हती.

सांगलीचे डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, जाणीव तुमची, गोळी माझी. दोघींचं भांडण लावू नका." गोळी पुन्हा चालू झाली. सुट्टी लागली, आणि मी आईकडे गेले.

आमचं गाव कवठे महांकाळकडचं, कोरडं. पावसाळा सरला की आमची मेंढरं कृष्णाकाठच्या बागायतीत येतात. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. त्या वर्षी ऊस तुटलेल्या एका रानात मुक्काम होता. दिवसभर मोठी मेंढरं वडिलांबरोबर चरायला, आणि कोकरं मागे, वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आईजवळ. कळप परत आला की कोकरं पाजायला सोडायची. हे बाईमाणसाचं काम.

आईचा गुडघा दुखत होता म्हणून जाळी मी उचलली. शंभरभर कोकरं एकदम सुटली, मेंढ्या ओरडायला लागल्या, धुळीत काही दिसेना. एक कोकरू भलत्याच मेंढीला लुचायला गेलं, तिने ढुशी मारली. मी ते उचललं आणि त्याची आई शोधायला लागले. तोवर दुसरं चुकलं, ते धरलं. दोन्ही काखांत दोन कोकरं, आणि मी जाईन तिथली मेंढी बुजून पळत होती. आई दगडावर बसून बघत होती.

"ठेव ती खाली," ती म्हणाली. "तू धरतीस म्हणून मेंढी बुजती. एवढी शिकलीस, आन कोकराला आपली आई घावती हे न्हाई सांगितलं व्हय कालिजात?"

मी म्हटलं, "आणि एखादं चुकलं तर?"

"चुकलं तर वरडंल की. तवा जा. आत्ता निस्ती उभी ऱ्हा."

मी उभी राहिले. छाती धडधडत होती, अगदी वर्गात धडधडते तशीच. पण इथे मी धावले होते, त्यामुळे त्याला आजार म्हणायचं मला सुचलं नाही. धडधड होती, धूळ होती, ओरडणं होतं, आणि सगळं सारखंच कळत होतं. आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे ठरवायला कोणी नव्हतं. पर्यवेक्षकही नव्हता. हे लक्षात आलं ते ओसरल्यावर. तोवर एकेक कोकरू शेपूट हलवत आपापल्या जागी लुचत होतं. दोन ओरडत राहिली, ती आईने उठून त्यांच्या मेंढ्यांना लावली.

मी आईला यातलं काही सांगितलं नाही. तिला ते नवीन नव्हतं आणि मला नीट सांगताही आलं नसतं. मुक्काम हलेपर्यंत रोज जाळी मीच उचलली. रोज तसंच घडलं असं नाही. दोनदा मी पुन्हा धावले.

कॉलेज उघडल्यावर प्राचार्यांकडे गेले. आजाराचं नाव सांगितलं, सांगलीला दातासाठी जात नव्हते तेही सांगितलं. म्हटलं, ग्रंथालय नको, तास घेईन. मध्येच खुर्चीत बसले तर बसू द्या, बाहेर पळणार नाही. ते म्हणाले, "मुलांना काय सांगणार?"

"विचारलं तर खरं सांगेन."

पहिला तास वाऱ्यांचा होता. फळ्यावर नकाशा काढताना भीती आली, नेहमीसारखी. मी तिला थोपवलं नाही आणि तिच्याकडे निरखूनही बघितलं नाही. पंख्याचा आवाज होता, मागच्या बाकावरची कुजबुज होती, भीतीही होती. उभं राहवेना तेव्हा खुर्चीत बसले आणि बसूनच शिकवलं. एका मुलीने विचारलं, मॅडम, बरं नाही का? मी म्हटलं, घाबरल्यासारखं होतं कधी कधी, औषध चालू आहे, तू पुढचं वाच.

तिने वाचलं. घंटा झाली तेव्हा नकाशा अर्धा राहिला होता. तो दुसऱ्या दिवशी पुरा केला.