बिळाचं दुसरं तोंड

“मॅडम, हा बेडूक कोणी सांगितला?”

मानपाड्याच्या नव्या टॉवरची लॉबी. तिथली सगळी भिंत मी रंगवलेली. इंटिरिअर डिझायनर निकिता कोपऱ्याकडे बोट रोखून उभी.

“बेडूक नाही, निवटी. खाडीतला मासा. चिखलावर उड्या मारतो.”

“ब्रीफमध्ये ‘नेचर’ होतं. नेचर म्हणजे फ्लेमिंगो! बिल्डर शेठ येतायत. ही घाण व्हाइट मारून उडवा.”

फ्लेमिंगो मी काढलेच होते, फोटो बघून, गुळगुळीत. निवटीला फोटो लागला नाही. कळव्याला खाडीलगत आमची चाळ होती, आणि शाळा सुटली की आमची टोळी गुडघाभर चिखलात. त्यापायी आईचे धपाटेही भरपूर खाल्ले. तो निळसर करडा रंग मी आजही न बघता मिसळते. प्रत्येक कामात कुठेतरी एक निवटी सोडते. आजवर कोणाला पत्ता नव्हता. या वेळी ती जरा मोठी झाली, एवढंच.

ती पुसायला मी तयार नव्हते. मी सीलरचा डबा उघडला. सीलर म्हणजे चित्रावरचा शेवटचा पारदर्शक हात. तो ओला असताना वर दुसरा रंग धरत नाही. मी निवटीवर आणि तिच्या बिळावर सढळ हाताने फासला.

“आता वाळेपर्यंत थांबावं लागेल,” मी गरीब चेहरा करून म्हटलं.

तेवढ्यात शेठ आले. मूळचे इथलेच, खाडीकाठचे. निकिता घाईने निवटीसमोर उभी राहिली.

“पोरी, बाजूला हो. अरे, निवटी!” मग कपाळाला आठी. “पन बिळाला एकच तोंड? दुसरा कुठं हाय?”

निवटीच्या बिळाला दोन तोंडं असतात. पकडताना एक बुजवायचं, दुसऱ्यात हात घालायचा. हे विचारणारा माणूस लहानपणी चिखलात लोळलेलाच असणार. मला एवढा आनंद झाला की मी आगाऊपणा केला.

“आहे, शेठ. शोधा.”

शेठ पांढऱ्या कपड्यांत गुडघ्यांवर बसले, भिंतीलगत सरकत गेले आणि निकिताने ठेवलेली पामची कुंडी त्यांनी ढकलली. मागे दुसरं तोंड होतं. त्यांनी त्यावर तळवा दाबला.

“गावला! ए पोरी, मी यो बुजवलाय. तिकरं हात घाल, लवकर! पलंल ती!”

निकिताने घाबरून पंजा थेट ओल्या सीलरवर मारला.

तो पंजा अजून तिथे आहे. शेठनी पुसू दिला नाही. निवटी शेजारी शाबूत आहे. ब्रीफमध्ये ‘नेचर’ दिसलं की मी आता आधी एवढंच विचारते, क्लायंट लहानपणी कुठे खेळलाय?