तंबोऱ्याला विचारून घेतलेली जागा

साताऱ्याच्या एस.टी.त कंडक्टरनं माझ्या मांडीवरच्या गोधडीकडं बोट केलं. "ह्यात काय हाय?"

"तंबोरा."

"आजारी हाय का?"

"न्हाई."

"मग एवढा गुंडाळलाय कशापायी? तिकीट पुरं फाडू का अर्धं?"

गाडी हसली. शेजारची म्हातारी म्हणाली, "अर्धंच घे रं, मांडीवर बसलंय ते." कंडक्टरही हसला आणि तंबोऱ्याचं तिकीट न घेताच पुढं गेला. मला मात्र हसू येईना. मिरज सोडल्यापासून गाडी खड्ड्यात आदळली की माझा हात गोधडीखाली जायचा आणि भोपळा नि दांडी जिथं जोडली जाते तिथं चाचपून यायचा. कऱ्हाडपर्यंत मी तो जोड पन्नासदा तरी चाचपला असेल.

तंबोरा चाचांचा होता. चाचा म्हणजे माझे मालक, मिरजेचे वाद्यं बनवणारे. मी माण तालुक्याचा. आमच्याकडं मेंढरं आणि बाजरी, आणि पाऊस आला तर आला. पाचवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं भोपळ्यांच्या एका ट्रकवर बसून मी मिरजेला आलो. ट्रक चाचांच्या दारात रिकामा झाला आणि मीही तिथंच उतरलो. त्यांनी मला ठेवून घेतलं, हातात कानस दिली, दोन वेळचं जेवण दिलं. दुष्काळात माझा भाऊ गावाकडं खडी फोडत होता तेव्हा मी सावलीत बसून हाडाच्या पट्टीवर वेलबुट्टी कोरत होतो. ही गोष्ट मला कधी सुखानं झोपू द्यायची नाही. आपण हे फेडणार कसं, आणि फेडायच्या आधीच आपल्या हातून काही मोडलं तर?

दुष्काळ सरल्यावर एके दिवशी चाचा म्हणाले, "दुकान काढायचं. ढोलकी नाही, टाळ नाही, शाळेतली पेटी नाही. फक्त आपली उत्तम वाद्यं. ज्याला कान आहे तोच पायरी चढेल."

मी म्हटलं, "चांगलं हाय."

"चांगलं आहे काय! चालवायचं तूच आहेस. म्हणून जागाही तूच बघायची."

सांगलीत एक जागा रिकामी होती, साताऱ्यात एक. साताऱ्याची बाजू वजनदार होती. पुण्याची वाट तिथूनच जाते, आणि वाईचे गाणारे-बजावणारे बाजारहाटाला तिथंच येतात. सांगली मिरजेच्या इतकी जवळ, की ज्याला चांगलं वाद्य हवं तो सरळ चाचांच्या घरीच यायचा. पण चाचांनी मला दोन्हीकडं पाठवलं आणि एक अट घातली.

"डोळ्यांनी बघायला गेलास तर घरमालक तुला नवा चुना दाखवील. हा तंबोरा घेऊन जा. दोन्हीकडं लाव, छेड. कुठं तो खूष होतो ते मला येऊन सांग."

सांगलीची जागा आधी पाहिली. वखारभागात, हळदीच्या गोदामाला लागून. भिंतीपलीकडं छतापर्यंत पोती. मी जमिनीवर बसून तार छेडली आणि माझं तोंड उतरलं. आवाज निघाला आणि हातभर अंतरावर जाऊन बसला. कुणी तंबोऱ्याच्या तोंडावर उशी धरावी तसा. दारात दोन हमाल विडी ओढत उभे होते.

"पावनं, एवढा मोठा भोपळा, भाजी किती झाली असंल वो?"

दुसरा म्हणाला, "गप की. गाणं म्हणतंय ते."

"कुटं म्हणतंय? नुसतं हूं हूं करतंय."

"आपल्या मुकादमावाणी."

मी तंबोरा गुंडाळला तेव्हा त्याच्या काळ्या पॉलिशवर पिवळी धूळ बसली होती. ही जागा नाही, हे मी उंबऱ्यातच ठरवून टाकलं.

साताऱ्याची जागा मोती चौकाच्या मागच्या गल्लीत होती. उंच जोतं, सागवानी फळ्यांची दारं, आत गार शहाबादी फरशी. मालक लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. मागच्या भिंतीपलीकडं पिठाची गिरणी होती. मी पिठाच्या धुळीची शंका काढली तर ते छाती काढून म्हणाले, "कण येणार नाही. अठरा इंची भिंत आहे. एकदम फस्क्लास."

मी तंबोरा लावला. चाचांनी तो बायकी गळ्यासाठी केलेला, उंच स्वराचा. तार छेडली मात्र, खोली भरली. स्वर भिंतीतून, फरशीतून, माझ्या मांडीतून वर येत होता. एवढी वर्षं मी हा तंबोरा पुसत आलो होतो, पण असा कधी ऐकला नव्हता. सुभेदार दारात उभे होते, तेही टोपी काढून आत आले.

माझा स्वभाव भित्रा. एकदा पाहून मी कशावर विश्वास ठेवत नाही. सकाळी गेलो, दुपारी गेलो, दिवेलागणीला गेलो. पुढच्या आठवड्यात परत मिरजेहून गाडी धरली आणि पुन्हा गेलो. दर वेळी तेच. मग चाचांना सांगितलं, "सातारा. तंबोरा तिथं लय खूष हाय." चाचांनी पुढं एक शब्द विचारला नाही. माझ्याच हाती सुभेदारांना नारळ पाठवून बोली पक्की केली. दसऱ्याला उघडायचं ठरलं.

दसऱ्याआधी त्याच उंच स्वराचे चार नवे तंबोरे घेऊन मी साताऱ्याला राहायला गेलो. त्यांची जवारी काढायची होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिची पाठ कानशीनं इतकी बारीक घासायची की तार तिच्यावर हलके टेकत-उचलत राहील. त्यानं तो झंकार येतो. घासलेलं परत जोडता येत नाही. एक हात जास्त पडला की घोडी फेकायची. चाचांनी हे काम तोवर दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. या खेपेला ते म्हणाले, "तुझं दुकान, तुझा हात."

मी सहा दिवस घासलं. खालची गुंज आपोआप इतकी भरीव येत होती की मला फक्त वरची चमक आणायची होती. थोडं घासायचं, ऐकायचं, परत थोडं. सहाव्या दिवशी चारही तंबोरे एकामागून एक छेडले आणि मला आईची आठवण झाली. तिला कधीतरी इथं आणून बसवायचं, एवढंच मनात आलं.

सातव्या दिवशी सकाळी दार उघडलं, पहिला तंबोरा उचलला, छेडला. पत्र्यावर नखं ओढल्यासारखा आवाज आला.

रात्री हवा बदलली असेल म्हणून तारा परत लावल्या. तसाच. तारेखालचा, झंकार जुळवायचा दोरा सरकवून पाहिला. तसाच. दुसरा घेतला, तिसरा, चौथा. चौघांनाही चमक होती, अंग नव्हतं. वर नुसता चरचराट आणि खाली काही नाही. मग शेवटी गोधडीतला चाचांचा तंबोरा काढला. त्याच्या घोडीला मी हातसुद्धा लावला नव्हता. तो छेडला तर तो सांगलीत वाजला होता तसाच वाजला. साधा. कमी बोलणाऱ्या माणसासारखा.

एवढ्यात गल्लीतून एक बाई डोक्यावर दळणाचा डबा घेऊन गेली आणि तशीच परत आली. माझ्या दाराशी थांबून म्हणाली, "बगा की, हितवर आल्यावर आटवलं. आज आवस न्हवं का! गिरणी बंद."

मी उठून मागच्या भिंतीला तळहात लावला. भिंत गप्प होती. त्या सहा दिवसांत, आणि त्याआधी जेव्हा जेव्हा मी आलो तेव्हा, ती बारीक थरथरत असे. मोटार आणि पट्टा मिळून गिरणीची जी घरघर व्हायची ती नेमकी तंबोऱ्याच्या षड्जाजवळ लागत होती. खालची सगळी गुंज गिरणीची होती. कानाला तिची इतकी सवय झाली होती की ती वेगळी म्हणून मला ऐकूच आली नाही. तिच्या जिवावर मी चार घोड्या घासून बसलो होतो.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी तिथंच बसलो. खोटं का बोलू, माझ्या मनात आलं होतं, की कुणाला कळणार आहे? अमावस्या महिन्यातून एकदा. त्या दिवशी आपणही दुकान बंद ठेवायचं. गिऱ्हाईक इथं ऐकणार, खूष होणार, घेऊन जाणार. घरी जाऊन बिघडलं तर प्रवासात बिघडलं, हवेनं बिघडलं. चाचांचा माझ्यावरचा विश्वास तसाच राहील. पण तंबोऱ्यावर नाव चाचांचं असतं. त्यांच्या नावाचा तंबोरा कुणातरी बाईच्या घरी पत्र्यासारखा वाजतोय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

एक तंबोरा गोधडीत घातला आणि मिरजेची गाडी धरली. या खेपेला कंडक्टरनं काही विचारलं नाही. मी जोडही चाचपला नाही.

चाचा ओसरीवर भोपळा कापत होते. मी तंबोरा त्यांच्यापुढं ठेवला. "चाचा, चुकलं माझं. चार घोड्या गेल्या."

त्यांनी करवत बाजूला ठेवली, तारा लावल्या, छेडल्या. तोंड वाकडं केलं. "हे तू केलंस?"

"व्हय. गिरणीसंगं ऐकून केलं." आणि मी सगळं सांगितलं. भिंत, अमावस्या, ती बाई. गप्प बसायचा विचार मनात आला होता, तोही सांगितला. तो सांगायची गरज नव्हती, पण एकदा बोलायला लागलो की मला थांबता येत नाही.

चाचांनी घासलेल्या घोडीवरून बोट फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. खोकला येईतो हसले, आणि आत हाक मारून चाचींना म्हणाले, "ऐकलंस का, आपल्या पोरानं गिरणीची जवारी काढली!"

आतून चाची म्हणाल्या, "मग पीठ कुठंय?"

मला हसावं की मान खाली घालावी कळेना. हसू ओसरल्यावर चाचांनी विचारलं, "माझा तंबोरा सांगलीला कसा वाजला होता?"

"मेल्यागत."

"म्हणजे जसा आहे तसा वाजला." ते उठून सदरा घालायला लागले. "चूक माझी आहे. कुठं खूष होतो ते बघ म्हणालो मी तुला. खूष कुणीही करतं. चल."

आम्ही संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला गेलो. वखारभागातल्या त्या खोलीत चाचा मांडी घालून बसले आणि त्यांनी घरून आणलेला, आपल्या हातचा एक तंबोरा छेडला. आवाज हातभर जाऊन बसला. पोत्यांची ती भिंत उसना स्वर देत नव्हती आणि असलेला फुगवतही नव्हती. चाचा डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "इथं जो गोड वाजेल तो गिऱ्हाइकाच्या घरी याहून गोड वाजेल. चार घोड्या नव्या कर. इथं बसून कर."

सुभेदारांकडं शब्द परत घ्यायला मीच गेलो. ते अर्धा तास लष्करी आवाजात बोलले. शेवटी म्हणाले, "अरे, पण नारळ आम्ही खाल्ला की!" मी नवा नारळ घेऊन गेलो होतो. तो त्यांनी घेतला, आणि चहा पाजून मला वाटेला लावलं.

दसरा हुकला. सांगलीत जवारी काढायला सहा दिवस पुरले नाहीत, महिना गेला. तिथं कशाचीच मदत नव्हती. गुंज हवी तर ती घोडीतूनच काढायची. हमाल दारात येऊन विचारायचे, "लागला का वो मुकादम बोलायला?" मी नाही म्हणून मान हलवायचो. एके दुपारी त्यांच्यातला एकजण विडी विझवून आत आला आणि भिंतीशी ऐकत बसून राहिला. तेव्हा मला वाटलं, पहिला तंबोरा झाला.

पहिला गेला तो वाईला, गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडं. त्यांचं पत्र येईपर्यंतचे पंधरा दिवस मला अन्न गेलं नाही. पत्रात तंबोऱ्याबद्दल एकच ओळ होती, की दुकानात ऐकला त्यापेक्षा घरी जास्त बोलतो, हे कसं? ती ओळ चाचांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

चाचा आठवड्यातून एकदा दुकानात येऊन बसायचे. हळदीच्या वखारीशेजारी असलं दुकान पाहून नवं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, की ही जागा कुणी निवडली? चाचा माझ्याकडं बोट करायचे. "ह्यानं. साताऱ्यापर्यंत फिरून आला, मग निवडली."

मी फडक्यानं तंबोऱ्यावरची पिवळी धूळ पुसत राहायचो. दर वेळी वाटायचं, गिरणीचं सगळं सांगून टाकावं. चाचा तिरप्या डोळ्यांनी माझ्याकडं बघायचे, मी बोलायला लागलो तर थांबणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि ते लगेच गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बसा. आधी ऐका."