पोरीची शप्पत
भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजल्याचा धूर नाकात गेला, की डोक्यावर वडलांचा हात जाणवतो. लहानपणी एकदा राब भाजताना खर्डीच्या आमच्या शेतावर शेजारचे काका वडलांवर ओरडत होते, "लबाड! बेइमान! माझा बांध कोरलास तू!" वडलांनी मला जवळ ओढलं आणि राखेनं काळा झालेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "या पोरीची शप्पत, मी बांधाला हात नाय लावला." सकाळीच त्यांना फावड्यानं बांध कोरताना मी पाहिलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पोरीवर नको रे. ठेव तुला जमीन." ते गेले. ज्याची खोटी शपथ घेतात तो मरतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. आज माझे केस पिकलेत, तरी साधा ताप चढला की आधी तो बांधच आठवतो.